ओटीटी मंचावरील मराठी चित्रपट आणि शिफारशीचा विवेक : कोल्हापूरच्या चित्रपरंपरेच्या विशेष संदर्भात

प्रास्ताविक

‘काय पाहावे?’ हा प्रश्न आज घरोघरी विचारला जातो. एकेकाळी या प्रश्नाचे उत्तर गावातील दोन-चार टॉकीजपुरते मर्यादित होते. शुक्रवारी पाटी बदलली की आठवडाभराची निवड निश्चित होत असे. २०१५ मध्ये हॉटस्टार, २०१६ मध्ये नेटफ्लिक्स आणि ॲमेझॉन प्राइम व्हिडिओ, २०१८ मध्ये झी५ असे मंच भारतात सुरू झाले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओच्या आगमनानंतर मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाले. पुढे टाळेबंदीच्या काळात चित्रपटगृहे बंद राहिली आणि चित्रपट पाहणे म्हणजे मोबाइलच्या पडद्यावर पाहणे, अशी सवय समाजाच्या मोठ्या भागास जडली. केवळ मराठीसाठी वाहिलेला ‘प्लॅनेट मराठी’ हा मंच २०२१ मध्ये आला. निवड अशा रीतीने वाढली. परंतु निवड करण्याचे काम मात्र हळूहळू पाहणाऱ्याच्या हातून निसटत गेले. मंच उघडताच समोर येणारी चित्रांची रांग हीच आजची सर्वांत प्रभावी शिफारस होय.

महाविद्यालयीन अध्यापकाच्या दृष्टीने ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही. वर्गातील विद्यार्थी कादंबरीपेक्षा चित्रपट व वेब मालिका अधिक प्रमाणात पाहतो, हे वास्तव आहे. तो अध्यापकास अनेकदा विचारतो, ‘सर, काही चांगले सुचवा.’ त्या क्षणी अध्यापक जे नाव घेतो, ती एक छोटीशी समीक्षाच असते. ती कोणत्या आधारावर करावी, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. मराठी चित्रसृष्टीची जडणघडण ज्या नगरीत झाली त्या कोल्हापूरच्या संदर्भात हा प्रश्न अधिकच अर्थपूर्ण ठरतो.

उद्दिष्टे

१. चित्रपटाच्या शिफारशीची पूर्वपरंपरा आणि आजची गणिती शिफारस यांतील भेद स्पष्ट करणे.
२. कोल्हापूरशी नाते असलेल्या चित्रपरंपरेचे आजच्या निवडीतील स्थान तपासणे.
३. अध्यापक व विद्यार्थी यांनी आवर्जून पाहाव्यात अशा निवडक कलाकृतींची कारणांसह चर्चा करणे.

व्याप्ती आणि मर्यादा

प्रस्तुत लेखात प्रामुख्याने मराठी चित्रपटांचा व एका मराठी वेब मालिकेचा विचार केला आहे. कोणती कलाकृती आज कोणत्या मंचावर आहे याची यादी येथे हेतुतः दिलेली नाही. प्रदर्शनाचे हक्क मुदतीचे असतात. मुदत संपली की चित्रपट एका मंचावरून नाहीसा होतो, दुसऱ्यावर येतो किंवा कोठेच येत नाही. मंचही स्थिर नसतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये डिस्ने प्लस हॉटस्टार आणि जिओसिनेमा एकत्र होऊन ‘जिओहॉटस्टार’ झाले, हे अलीकडचे उदाहरण आहे. यास्तव शिफारस कलाकृतीची करावयाची, मंचाची नव्हे, ही भूमिका येथे स्वीकारली आहे.

शिफारशीची पूर्वपरंपरा

चित्रपटाची शिफारस ही चित्रपटाइतकीच जुनी आहे आणि तिचा एक ठळक आरंभबिंदू कोल्हापुरातच सापडतो. कलामहर्षी बाबूराव पेंटर यांनी १९१७-१८ च्या सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनीची स्थापना केली. गायिका तानीबाई कागलकर यांचे आर्थिक साहाय्य त्यांना लाभले. परदेशी यंत्रांची वाट न पाहता त्यांनी सहकाऱ्यांच्या मदतीने कॅमेरा स्वतः घडविला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ हा मूकपट रसिकांपुढे आणला. बाबूराव हे मूळचे चित्रकार होते. नाटकाचे पडदे रंगविणाऱ्या या कलावंताने चित्रपटाची भित्तिपत्रकेही स्वतः रंगविली. चित्रपटाची माहिती व छायाचित्रे देणाऱ्या पुस्तिका छापण्याची प्रथाही त्यांनी पाडली.

ही भित्तिपत्रके आणि पुस्तिका म्हणजे त्या काळची शिफारसच होय. तिचे एक वैशिष्ट्य लक्षात घेतले पाहिजे. रस्त्याच्या कोपऱ्यावरचे भित्तिपत्रक हमाल, वकील, शाळकरी मुलगा आणि बाजारास आलेली बाई या सर्वांना एकच दिसत असे. आवडो वा नावडो, ते सर्वांसमोर होते आणि म्हणून त्यावर चारचौघांत बोलता येत असे.

पुढच्या काळात ही शिफारस अनेक मार्गांनी होत राहिली. गाडीवर भोंगा लावून फिरणारी जाहिरात, दैनिकातील परीक्षण, दूरदर्शनवरील आठवड्याचा चित्रपट, फिल्म सोसायटीचे खेळ आणि या सर्वांहून प्रभावी असा तोंडी प्रचार हे तिचे प्रमुख प्रकार होत. अनंत माने दिग्दर्शित ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) हा तमाशापट पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला. इतका दीर्घ मुक्काम केवळ जाहिरातीच्या बळावर शक्य नसतो. एकाने दुसऱ्यास सांगितल्याशिवाय असे घडत नाही. आजही कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या नावाने चालणारी फिल्म सोसायटी आणि तिचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव याच परंपरेचा वारसा चालवीत आहेत.

गणिती शिफारस : स्वरूप आणि मर्यादा

आजच्या मंचांवरील शिफारस अल्गोरिदमद्वारे होते. प्रेक्षकाने काय पाहिले, किती वेळ पाहिले, कोठे सोडले आणि त्याच्यासारख्या इतरांनी पुढे काय पाहिले यांच्या नोंदींवरून पुढची पसंती वर्तविली जाते. या तंत्रास उद्योगाने दिलेले महत्त्व एका घटनेवरून स्पष्ट होते. नेटफ्लिक्सने २००६ मध्ये आपल्या शिफारसप्रणालीचा अचूकपणा १० टक्क्यांनी वाढविणाऱ्यास १० लाख डॉलरचे पारितोषिक जाहीर केले आणि २००९ मध्ये ते एका संशोधकगटास प्रदान केले. त्या स्पर्धेत प्रेक्षक एखाद्या चित्रपटास किती तारे देईल, याचा अंदाज बांधावयाचा होता. २०१७ मध्ये मात्र त्या मंचाने ताऱ्यांची पद्धतच बंद करून अंगठा वर किंवा खाली एवढाच पर्याय ठेवला. ‘चांगले पण मला न रुचलेले’ किंवा ‘सामान्य पण मनोरंजक’ असा भेद नोंदविण्याची जी थोडी जागा होती, तीही त्यामुळे उरली नाही. पाहणाऱ्याच्या अभिप्रायापेक्षा त्याच्या वर्तनास अधिक किंमत आली.

याच वर्षी त्या मंचाने आणखी एक गोष्ट उघड केली. एकाच चित्रपटासाठी निरनिराळ्या प्रेक्षकांना निरनिराळे थंबनेल दाखविले जाते. विनोदी चित्रपट पाहणाऱ्यास त्यातील विनोदी नटाचे चित्र दिसते, तर प्रेमकथा पाहणाऱ्यास प्रेमी युगुलाचे. बाबूराव पेंटर यांच्या भित्तिपत्रकाशी तुलना केल्यास येथे मूलभूत फरक दिसून येतो. भित्तिपत्रक कलाकृतीविषयी काही सांगत असे. थंबनेल प्रेक्षकास त्याच्याचविषयी जे ठाऊक आहे तेच पुन्हा सांगते.

तथापि, गणिती शिफारशीस सरसकट दोष देणे न्यायाचे होणार नाही. मानवी शिफारसही निर्दोष नव्हती. अभिजनांच्या याद्यांनी तमाशापटास व दादा कोंडके यांच्या चित्रपटांस दीर्घकाळ दाराबाहेर ठेवले. फिल्म सोसायट्यांच्या खेळांत युरोपीय चित्रपट होते, पण त्याच शहरातील टॉकीजमध्ये महिनोन्महिने चालणारा ग्रामीण चित्रपट चर्चेच्या योग्यतेचा मानला जात नव्हता. यंत्रास असा जातीचा वा अभिरुचीचा गर्व नसतो. तसेच आडगावातील विद्यार्थ्यास आज जे पाहता येते, ते पूर्वी पुण्या-मुंबईच्या रसिकांसही दुर्मीळ होते. दोष आहे तो वेगळाच. यंत्र भूतकाळातील आवडीवरून भविष्यातील आवड ठरविते. शिक्षणाचे काम याच्या उलट दिशेने चालते. ज्याची आवड अद्याप निर्माणच झालेली नाही, त्याची ओळख करून देणे हे अध्यापनाचे मूळ प्रयोजन आहे. पाठ्यक्रमात तुकारामांची गाथा असते ती विद्यार्थ्यांनी ती मागितली म्हणून नव्हे.

उपलब्धता हीच निवड?

शिफारशीच्या आधी उपलब्धतेचा प्रश्न येतो. जे मंचावर नाही, ते नव्या प्रेक्षकाच्या लेखी अस्तित्वातच नसते. कोल्हापूरच्या बाबतीत हा प्रश्न विशेष वेदनादायक आहे. ‘सावकारी पाश’ (१९२५) हा बाबूराव पेंटर यांचा मूकपट भारतीय वास्तववादी चित्रपटाचा आरंभ म्हणून गौरविला जातो. त्यात तरुण व्ही. शांताराम यांनी सावकाराने नाडलेल्या शेतकऱ्याची भूमिका केली होती. परंतु हा मूकपट आज पाहावयास मिळत नाही. त्याविषयी जे बोलले जाते, ते ज्यांनी तो पाहिला त्यांच्या आठवणींवर विसंबून. १९४८ मध्ये महात्मा गांधींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत भालजी पेंढारकर यांचा कोल्हापुरातील स्टुडिओ जळाला. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात पूर्वीच्या प्रभात स्टुडिओच्या आवारातील साठवणगृहास आग लागून नायट्रेट फितींचा मोठा साठा नष्ट झाला. त्यात प्रभातच्या चित्रपटांच्या मूळ फितीही होत्या. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने आणि त्याचे शिल्पकार पी. के. नायर यांनी जे वाचविले, त्यामुळेच उरलेल्या वारशाविषयी आज बोलता येते.

जे उरले आहे, त्याचे तरी काय होते? २०२२ मध्ये जयप्रभा स्टुडिओच्या जागेच्या विक्रीवरून कोल्हापुरात कलावंत, तंत्रज्ञ व नागरिकांनी आंदोलन केले. स्टुडिओची वास्तू वाचावी ही भावना योग्यच होती. परंतु त्या वास्तूत घडलेले चित्रपट आजचा कोल्हापुरी तरुण पाहतो काय, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. वास्तूचे रक्षण आंदोलनाने होऊ शकते. चित्रपटाचे रक्षण मात्र तो पाहणारा असला तरच होते.

निवडक कलाकृतींची चर्चा

पुढील निवडीत तीन निकष लावले आहेत. कलाकृती पुन्हा पाहिल्यावर नवे काही देते काय, तिच्यातील भाषा व समाजचित्रण वर्गातील चर्चेस आधार देते काय आणि गणिती शिफारशीच्या रांगेत ती सहज समोर येण्याची शक्यता कमी आहे काय, हे ते निकष होत.

(अ) प्रभातचे चित्रपट

प्रभात फिल्म कंपनीची स्थापना १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात झाली. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल व केशवराव धायबर हे महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडलेले कलावंत आणि सीताराम कुलकर्णी हे तिचे संस्थापक होत. मराठीतील पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) कोल्हापुरातच तयार झाला. गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत. १९३३ मध्ये कंपनी पुण्यास गेली.

या परंपरेतून प्रथम शिफारस करावयाची ती ‘संत तुकाराम’ची (१९३६). दामले-फत्तेलाल यांच्या या चित्रपटाची १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात दखल घेतली गेली, हे सर्वज्ञात आहे. परंतु तेवढ्यासाठी तो पाहावयाचा नाही. विष्णुपंत पागनीस यांच्या तुकारामासमोर गौरी यांनी साकारलेली जिजाई उभी आहे. घरात दाणा नाही, मूल आजारी आहे आणि नवरा भजनात रंगला आहे. अशा वेळी ती पायताण हातात घेऊन थेट विठ्ठलास जाब विचारावयास निघते. संतचरित्रात ऐहिक जगाची बाजू इतक्या जोरकसपणे मांडणारा दुसरा चित्रपट मराठीत क्वचितच आढळेल. तुकाराम वैकुंठास जातो. जिजाई मागे राहते. चित्रपटातील चमत्कार आजच्या विद्यार्थ्यास बाळबोध वाटतील, पण जिजाईचा प्रश्न बाळबोध वाटणार नाही.

दुसरा चित्रपट ‘कुंकू’ (१९३७). ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर शांताराम यांनी तो दिग्दर्शित केला. वृद्धाशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा (शांता आपटे) त्या लग्नास मान्यता देण्यास नकार देते. पार्श्वसंगीत टाळून प्रसंगातीलच ध्वनींवर भर देण्याचा प्रयोग येथे केला आहे. म्हाताऱ्या काकासाहेबांच्या (केशवराव दाते) आयुष्याशी जोडलेले भिंतीवरचे घड्याळ हे त्यातील प्रसिद्ध प्रतीक होय. तथापि, चित्रपटाची मर्यादाही सांगितली पाहिजे. नीरेचा लढा तिच्या स्वतःच्या कृतीने पूर्ण होत नाही. काकासाहेबांचा पश्चात्ताप आणि आत्महत्या तिला मुक्त करते. म्हणजे अंतिम नैतिक कृती पुरुषाच्याच वाट्यास येते. स्त्रीवादी समीक्षेच्या तासिकेस यापेक्षा चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

(आ) भालजींचा ‘साधी माणसं’

भालजी पेंढारकर यांची ओळख ऐतिहासिक चित्रपटांमुळे आहे. परंतु ‘साधी माणसं’ (१९६५) हा त्यांचा सामाजिक चित्रपट अधिक टिकाऊ ठरला आहे. सूर्यकांत आणि जयश्री गडकर यांनी रंगविलेले लोहार जोडपे हा त्याचा विषय. लता मंगेशकर यांनी ‘आनंदघन’ या नावाने त्यास संगीत दिले. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्यास मिळाला. भाता, ऐरण, घण आणि घाम हे सर्व येथे प्रत्यक्ष पडद्यावर आहे. श्रम हे पार्श्वभूमीवर न राहता कथेचा गाभा झाले आहेत. खेडे निष्पाप आणि शहर कपटी, ही त्यातील विभागणी आज भाबडी वाटते. पण कारागिराच्या हातचे काम सुटणे म्हणजे काय, हे दाखविताना चित्रपट भाबडा राहत नाही. याच्या गाण्यांच्या चित्रफिती आजही मोठ्या प्रमाणावर ऐकल्या जातात. गाणी ऐकणारे पुष्कळ, पूर्ण चित्रपट पाहिलेले थोडे, अशी स्थिती आहे. मंचाच्या रांगेत गीत वेगळे आणि चित्रपट वेगळा झाला की कलाकृतीचे असेच तुकडे होतात.

(इ) कोल्हापूर जिल्ह्यातील साहित्यावरील चित्रपट : ‘जोगवा’ आणि ‘नटरंग’

मराठीच्या अध्यापकासाठी हे दोन चित्रपट विशेष उपयुक्त आहेत, कारण त्यांचे मूळ याच मातीतील साहित्यात आहे. राजीव पाटील दिग्दर्शित ‘जोगवा’ (२००९) हा राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ व ‘भंडारभोग’ या कादंबऱ्या आणि चारुता सागर यांची ‘दर्शन’ ही कथा यांवर आधारलेला आहे. यल्लमाच्या नावाने सोडलेला तायाप्पा (उपेंद्र लिमये) आणि सुली (मुक्ता बर्वे) यांच्या वाट्यास आलेले लादलेले जगणे त्यात येते. पुरुषास लुगडे नेसवून जोगता करणे ही प्रथा समाजशास्त्राच्या पुस्तकात एका परिच्छेदात संपते. चित्रपटात ती एका माणसाच्या चालण्यात, बसण्यात आणि आवाजात उतरते. लिमये यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार लाभला, तो यथार्थ होय. कादंबऱ्यांतील काळोख चित्रपटाने प्रेमकथेच्या आधाराने थोडा उजळ केला आहे. हा बदल प्रेक्षकास दिलासा देतो. पण मूळ कादंबऱ्यांतील व्यवस्थेची कोंडी त्यामुळे सैल होते काय, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवावा.

‘नटरंग’ (२०१०) हा रवी जाधव यांचा चित्रपट कागलचे आनंद यादव यांच्या कादंबरीवर बेतलेला आहे. पैलवानकीचा नाद असलेला शेतमजूर गुणा कागलकर (अतुल कुलकर्णी) तमाशाचा फड उभा करण्यासाठी नाच्या होतो. तालमीत कमावलेली देहयष्टी तो स्वतःच उतरवितो. तालमींच्या कोल्हापुरात या प्रसंगाचा अर्थ अधिक तीव्रतेने कळतो. अजय-अतुल यांच्या गीतांनी चित्रपटास अफाट लोकप्रियता दिली. मात्र अखेरीस येणारा गौरवसोहळा गुणाच्या अवहेलनेस सन्मानाची झालर लावतो. कलेसाठी सोसलेले दुःख पुरस्काराने भरून निघते, असा सोपा अर्थ त्यातून काढला जाऊ शकतो. कादंबरी आणि चित्रपट शेजारी ठेवून वाचल्यास माध्यमांतराचा प्रश्न उदाहरणासह शिकविता येईल.

(ई) ‘फँड्री’, ‘कोर्ट’ आणि ‘द डिसायपल’

नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ (२०१६) विद्यार्थ्यांनी पाहिलेला असतोच. त्यांना ‘फँड्री’ (२०१३) पाहावयास सांगणे हे अध्यापकाचे काम आहे. डुकरे धरण्याच्या प्रसंगात शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते आणि जब्याचे कुटुंब स्तब्ध उभे राहते, डुक्कर मात्र निसटते. पुढे मारलेले डुक्कर खांद्यावर घेऊन ते शाळेच्या भिंतीवरील समाजसुधारकांच्या चित्रांसमोरून जातात. शाहू महाराजांच्या नगरीत हा प्रसंग पाहताना अस्वस्थ व्हावे लागते. ‘सैराट’च्या आधी ‘फँड्री’ पाहिल्यास त्यातील प्रेमकथेचा आनंदही जातवास्तवाच्या जाणिवेसह घेता येतो.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) लोकशाहीर नारायण कांबळे (वीरा साथीदार) यांच्यावर एका मॅनहोल कामगारास आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा आरोप आहे. चित्रपट आरोपीपेक्षा न्यायव्यवस्थेतील माणसांच्या मागे अधिक जातो. सरकारी वकील बाई लोकलने घरी जातात, स्वयंपाक करतात. न्यायाधीश बिनबाह्यांचा पोशाख घातलेल्या स्त्रीचे प्रकरण पुढे ढकलतात. यांपैकी कोणीही खलनायक नाही. सामान्य, सुस्वभावी माणसांच्या हातून अन्याय कसा घडतो, हे चित्रपट आवाज न चढविता दाखवितो. राज्यशास्त्र, विधी व समाजशास्त्र या विषयांच्या अध्यापकांनीही तो पाहावा. स्थिर आणि लांब दृश्ये हे त्याचे बलस्थान आहे. मोबाइलच्या पडद्यावर, दीडपट वेगाने तो पाहणे म्हणजे तो न पाहणे होय.

त्यांचाच ‘द डिसायपल’ (२०२०) व्हेनिस महोत्सवात पटकथेसाठी गौरविला गेला आणि एप्रिल २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर आला. शरद नेरूळकर (आदित्य मोडक) हा शास्त्रीय गायक होऊ पाहणारा तरुण दिवसा जुने दुर्मीळ संगीत नव्या स्वरूपात विकण्याचे काम करतो आणि रात्री माईंच्या ध्वनिमुद्रित व्याख्यानांच्या सोबतीने शहरभर हिंडतो. त्या आवाजामागे सुमित्रा भावे आहेत. साधना असूनही प्रतिभा नसणे, हा विषय मराठी चित्रपटाने क्वचितच हाताळला आहे. शिफारशीच्या प्रश्नाशीही या चित्रपटाचे नाते आहे. परंपरा जतन करणे आणि ती जगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तो सांगतो. विशेष म्हणजे भाषा मराठी असूनही तो जगभरच्या प्रेक्षकांपर्यंत ओटीटी मंचामुळे पोहोचला. मंचाची ही जमेची बाजू मान्य केलीच पाहिजे.

(उ) वेब मालिका : ‘समांतर’

मराठी वेब मालिकांचा संसार अद्याप लहान आहे. सुहास शिरवळकर यांच्या कादंबरीवरील ‘समांतर’ (२०२०) ही सतीश राजवाडे दिग्दर्शित मालिका येथे उदाहरणादाखल घेता येईल. आपल्याच हातावरील रेषा असलेल्या दुसऱ्या माणसाचा शोध कुमार महाजन (स्वप्नील जोशी) घेतो. उत्कंठा हे तिचे बळ आणि तीच तिची मर्यादा. प्रत्येक भाग पुढच्या भागाकडे ढकलतो. त्यामुळे नियती आणि कर्तृत्व यांचा कादंबरीतून येणारा प्रश्न विचारापर्यंत पोहोचण्याआधीच मागे पडतो. तरीही शिरवळकरांसारख्या लोकप्रिय, पण अभ्यासक्रमाबाहेर राहिलेल्या लेखकाकडे ही मालिका विद्यार्थ्यास नेऊ शकते, म्हणून तिची नोंद घ्यावयास हवी.

अध्यापकाची भूमिका

वरील चर्चेवरून शिफारशीविषयी काही सूत्रे मांडता येतात. पहिले असे की, शिफारस नेहमी कारणासह असावी. ‘छान आहे’ एवढे म्हणणे म्हणजे अंगठा वर करण्यासारखेच आहे. दुसरे असे की, शिफारशीत कलाकृतीची मर्यादाही सांगावी. ‘कुंकू’ किंवा ‘नटरंग’ यांतील उणीव सांगितल्याने विद्यार्थी त्यांपासून दूर जात नाही, उलट काय पाहावयाचे हे जाणून तो जवळ येतो. तिसरे असे की, जुन्यास नव्याची जोड द्यावी. ‘फँड्री’ पाहिलेल्या विद्यार्थ्यास ‘साधी माणसं’ दाखविला तर श्रम आणि जात यांविषयी साठच्या दशकातील मराठी चित्रपट काय बोलत होता आणि कशाविषयी गप्प होता, हे त्याच्या लक्षात येईल.

चौथे सूत्र सर्वांत महत्त्वाचे आहे. शक्य तेथे चित्रपट एकत्र पाहावा. वैयक्तिक वर्गणीच्या अटींचे आणि प्रदर्शनहक्कांचे भान ठेवून महाविद्यालयात महिन्यातून एक खेळ आयोजित करणे कठीण नाही. त्यासाठी ग्रंथालय, भाषा विभाग व स्थानिक फिल्म सोसायटी यांचे सहकार्य घेता येईल. ज्या विद्यार्थ्याने आजवर प्रत्येक चित्रपट इअरफोन लावून एकट्याने पाहिला आहे, त्याला शेजारी बसलेला दुसरा कोठे हसतो आणि कोठे गप्प होतो, हे पाहणे हाही शिक्षणाचाच भाग आहे.

निष्कर्ष

१. चित्रपटाची शिफारस ही समीक्षेचीच एक कृती असून बाबूराव पेंटर यांच्या भित्तिपत्रकांपासून तिची परंपरा कोल्हापुरात दाखविता येते.
२. सार्वजनिक शिफारस सर्वांसमोर एकच असल्याने तिच्यावर चर्चा शक्य होती. गणिती शिफारस प्रत्येकाची वेगळी असल्याने ती सामायिक चर्चेचा आधार दुबळा करते.
३. गणिती शिफारस अभिजनांच्या पूर्वग्रहांपासून काही अंशी मुक्त असली, तरी ती प्रेक्षकाच्या जुन्या सवयीस बांधलेली असते. अभिरुची घडविणे हे तिचे उद्दिष्ट नसते.
४. नष्ट झालेल्या व मंचावर न आलेल्या चित्रपटांमुळे कोल्हापूरच्या चित्रपरंपरेची ओळख नव्या पिढीस अपुरी होते. उपलब्धतेस गुणवत्तेचा निकष मानणे धोक्याचे आहे.
५. ओटीटी मंचांमुळे ‘द डिसायपल’सारखे चित्रपट दूरवर पोहोचले. या साधनाचा डोळस उपयोग अध्यापकाच्या हाती आहे.

समारोप

‘सावकारी पाश’ आज कोणासही दाखविता येत नाही. त्याची उणीव कोणत्याही शिफारशीने भरून निघणार नाही. परंतु ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’, ‘साधी माणसं’ हे चित्रपट अद्याप आहेत आणि ते पाहू शकणारे विद्यार्थीही वर्गात आहेत. त्या दोहोंची गाठ घालून देण्याचे काम कोणतेही यंत्र आपणहून करील, अशी चिन्हे नाहीत. ज्या शहराने मराठी माणसास पडद्याकडे पाहावयास शिकविले, त्या शहरातील अध्यापकांनी आपल्या विद्यार्थ्यांना काय पाहावे आणि का पाहावे हे सांगण्याची जबाबदारी स्वीकारावी, एवढीच अपेक्षा या विवेचनाच्या अखेरीस व्यक्त करावीशी वाटते.